चादर क्रिकेटला, नॅपकिन फुटबॉलला

सोलापुरात माणसाची किंमत कापडावर ठरते. अंगातल्या नव्हे, समारंभात अंगावर घातल्या जाणाऱ्या. मोठा पाहुणा आला की चादर. मधला आला की टॉवेल. आणि ज्याला बोलावलंच नव्हतं, पण आता स्टेजवर चढून बसलाय तर काय करणार, अशाला नॅपकिन. बाहेरगावचा माणूस सत्कार झाला म्हणून खूश होऊन घरी जातो. आमच्याकडचा आधी पिशवी हाताळून बघतो.

हे आधी सांगायचं कारण असं की जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत दर जानेवारीला, शहरात गड्ड्याची जत्रा भरते त्या दिवसांत, पार्किंगमध्ये स्पर्धा होतात. पूर्वी संगीतखुर्ची आणि लिंबू-चमचा असायचा. आता गुडघ्यांची अवस्था बघता सगळ्या स्पर्धा बसून खेळायच्या झाल्यात. व्हिडिओ गेमवरचं क्रिकेट जिंकणाऱ्याला चादर. कॅरम जिंकणाऱ्याला टॉवेल. आणि व्हिडिओ गेमवरचा फुटबॉल जिंकणाऱ्याला नॅपकिन. तोही एकच. नॅपकिन जोडीनं विकतात, म्हणजे दुसरा कुठं जातो हाही एक प्रश्नच आहे, पण तो मी कधी सभेत काढला नाही.

या नॅपकिनचा मी अनेक वर्षांचा अखंड मानकरी. आमच्या स्वयंपाकघरात भांडी पुसायला, भाकरी झाकायला, गरम पातेलं उतरवायला माझंच यश वापरतात. बायको म्हणते, "जिंका की अजून. मिक्सरवर घालायला एक कमी पडतोय."

माझ्या खेळाबद्दल मी स्वतः बोलणं बरं दिसत नाही, म्हणून थोडंच बोलतो. बटणं दाबून दाबून माझ्या उजव्या अंगठ्यावरच्या रेषा गेल्या. ऑफिसातल्या हजेरीच्या मशीननं मला ओळखायचं बंद केलं. वीस वर्षं त्याच खुर्चीत बसणारा माणूस, पण मशीनच्या लेखी परका. साहेबांनी विचारलं, हाताला काही लागलंय का? मी म्हटलं, फुटबॉल. तेव्हापासून ते मला चेंडू जपून खेळायला सांगतात.

आणि एकदा तर ऑनलाइन सामन्यात समोर ब्राझीलचा कोणीतरी होता. ऐन सामन्यात खालून हाक आली, "पाणी आलं!" आता सोलापुरात चार-पाच दिवसांनी नळाला येणारं पाणी आणि ब्राझील, यात निवड करायची वेळ आली तर शहाणा माणूस काय करतो? मी कंट्रोलर गादीवर ठेवला, पिंप भरलं, घागरी भरल्या, शेजारच्यांच्या दोन बादल्या भरून दिल्या, आणि परत आलो तर स्कोअर तोच. माझे अकरा जण जागच्या जागी उभे होते, आणि हा काहीतरी भयंकर डाव आहे असं वाटून तो ब्राझीलवाला पुढं यायलाच तयार नव्हता. शेवटी मीच गोल केला. कोणाला पटत नसेल तर घागरी अजून घरात आहेत.

आता मुद्द्याचं. खेळाचे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांत आमच्याकडे फुटबॉलला काडीची किंमत नाही, आणि हा सरळ अन्याय आहे. गेमवरच्या क्रिकेटमध्ये काय असतं? एक बटण दाबून बॉल टाकायचा आणि मग समोरचा काय करतो ते बघायचं. मी स्वतः बघितलंय, आमच्या खजिनदारांनी एका डावात बॅटिंग करता करता ओंजळभर शेंगा सोलून खाल्ल्या आणि वर अर्धशतक काढलं. फुटबॉलमध्ये ही सोय नाही. दोन्ही अंगठे, दोन्ही तर्जन्या, झालंच तर जीभ, सगळं एकदम कामाला. नाकावर माशी बसली तर ती अख्खा हाफ तिथंच नांदते. शिवाय सामना दहा-बारा मिनिटांत संपतो. पाणी गेल्यावर वीज जायच्या आत जो खेळ पुरा होतो, तो सोलापूरचा खरा खेळ नाही तर काय?

हे सगळं मी गेल्या वर्षी स्पर्धेच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. अध्यक्ष डोळे मिटून ऐकत होते. आमचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि आयुष्यभर क्रिकेट जगलेले. बोलताना समोरच्याकडे बघतात तेच मुळी बॅट्समनकडे बघावं तसं.

"झालं?" त्यांनी डोळे उघडले.

"झालं. थोडक्यात, फुटबॉललाही चादर पाहिजे."

"चादर?" ते म्हणाले. "अहो, मी यंदा नॅपकिनच बंद करायचा विचार करतोय. बघायला येतं कोण तुमचा फुटबॉल? गेल्या वर्षी तुमच्या फायनलला तुम्ही, समोरचा आणि आपला वॉचमन. तोही खुर्च्या उचलायला थांबला होता."

"लोकांना समजावून सांगितलं तर..."

"त्यात समजायचं काय हाय?" खजिनदार म्हणाले. ते मूळचे मोडनिंबचे, चादरी-टॉवेलांचे ठोक व्यापारी, आणि बक्षिसं त्यांच्याच गोदामातून येत असल्यानं त्यांच्या शब्दाला वजन. "बावीस माणसं एका बॉलच्या मागं. आमच्याकडं शेरडं सुटल्यावर अशी पळत्यात."

सभा हसली. अध्यक्षांनी निकाल दिला. यंदा शेवटची संधी. लोक शेवटपर्यंत बसले तर पुढच्या वर्षी फुटबॉल ठेवायचा, नाहीतर यादीतून काढायचा. "आणि चादरीचं म्हणाल," ते उठता उठता म्हणाले, "तर मी खुर्चीत आहे तोवर फुटबॉलच्या अंगावर चादर पडायची नाही. लिहून घ्या."

त्या रात्री मला भूक लागली नाही. म्हणजे जेवलो, पण चटणीचा तिखटपणा लागला नाही, यावरून काय ते समजा. नॅपकिनचा अपमान सोसता येतो. पण माझ्या हयातीत माझा खेळ आमच्या पार्किंगमधून उठणार? ज्या गोष्टीत मी जगातल्या पहिल्या पाच-सहा जणांत येतो, असा माझा अंदाज आहे, ती सोसायटीच्या लेखी लिंबू-चमच्याच्या रांगेत जाऊन बसणार?

दारोदार फिरलो. नियमाप्रमाणे आठ नावं पाहिजेत, तर स्पर्धा. सात झाली. आठवं मिळेना. शेवटी तळमजल्यावरच्या अक्कांकडे गेलो. अक्का वळसंगकडच्या, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. गावाकडे जमीन, इथं तीन फ्लॅट, आणि सोसायटीत असं कोणी नाही ज्याचं वर्म त्यांना ठाऊक नाही. मुलगा पुण्याला गेल्यापासून त्याचा गेम त्याच खेळतात. त्यांचं नाव सातांत होतंच. मी अडचण सांगितली तशा त्या मला घेऊन तडक पार्किंगमध्ये आल्या. अध्यक्ष गाडी पुसत होते.

"काय री अध्यक्ष, फुटबॉल बंद करताय म्हणे?" ही 'री' कानडीतली, आदराची.

"लोक येत नाहीत, अक्का."

"कधी खेळलाय व्हय तुमी?"

"मी? छे! तो काय खेळ आहे?"

"मग न खेळताच बंद? अय्यो, म्हणजे चव न बघताच आमटी ओतून द्यायची." आणि मग आवाज चढवून, वरच्या सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल असं, "भीती वाटत असेल तर तसं सांगा की! कोण हसणार नाही. मी तर नाहीच हसणार."

गॅलऱ्यांत माणसं आली. अध्यक्षांनी फडकं झटकलं. "धरणाच्या भिंतीवर उभं राहून पूर बघितलेला माणूस आहे मी, अक्का. घाला माझं नाव. पण खेळ नियमात बसवून घेईन."

इथं गोम होती. त्यांचं म्हणणं, दोघंही एकदम गोल करायला धावतात हा मुळात बेशिस्तपणा. एकानं आधी बॅटिंग करावी, मग दुसऱ्यानं. पहिल्या हाफमध्ये टॉस जिंकणारा हल्ला करणार, समोरच्यानं फक्त अडवायचं, मधली रेघ ओलांडायची नाही. दुसऱ्या हाफमध्ये उलट. मध्ये ड्रिंक्स. मी म्हटलं, जगात कुठंही असा फुटबॉल नाही. ते म्हणाले, म्हणूनच जगात शिस्त नाही. मी गिळलं. आठवं नाव हातचं घालवायचं नव्हतं.

स्पर्धेच्या संध्याकाळी पडद्याचा प्रश्न आला. प्रोजेक्टर ट्यूशनवाल्या सरांनी दिला होता, पण पडदा? "सोलापुरात कापडाला तोटा व्हय?" म्हणत खजिनदारांनी टेम्पोतून एक भलीमोठी फिकट चादर काढून दोन खांबांमध्ये ताणून बांधली. चादर उत्तम. फक्त तिच्यात मोर विणलेला. चांगला पुरुषभर उंच, पिसारा फुलवलेला. क्रिकेटच्या सामन्यांना त्यानं काही बिघडलं नाही, कारण तिथं बॉल कुठं गेला हे कोणी बघत नव्हतं, सगळे धावा मोजत होते. पण फुटबॉल सुरू झाला आणि बॉल पिसाऱ्यात शिरला की दिसेनासा व्हायचा. दहा जण पिसाऱ्याभोवती गोळा व्हायचे, बॉल पिसाऱ्यातल्या भलत्याच डोळ्यातून बाहेर यायचा.

आणि त्या शिस्तीच्या नियमामुळे गोल होईना. ज्याची बॅटिंग नाही तो आपले अकराच्या अकरा जण गोलसमोर भिंतीसारखे उभे करायचा. पहिला सामना शून्य-शून्य. लोक मोबाइल काढून बसले. मागच्या दोन रांगा शेंगा घ्यायच्या निमित्तानं उठल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, आउट दिल्यावर अंपायर बघतो तसं.

शून्य-शून्य म्हणजे पेनल्टी. आणि पेनल्टी सुरू झाली तशी मागून एक आवाज आला, "अरे थांबा थांबा, हे बरं दिसतंय."

खरंच. एक जण लांबून धावत येतो. समोर एकटा उभा. एकदाच मारायचं, एकदाच अडवायचं. मग सगळं थांबतं. त्या थांबण्यात शेजाऱ्याला चूक समजावून सांगता येते, मागच्या वेळी काय झालं होतं ते आठवता येतं, पुढं काय होणार याची पैज लावता येते. म्हणजे हे क्रिकेटच होतं! मोबाइल खिशात गेले. शेंगावाले पळत परत आले. त्यांनी येताना आणखी चार जण आणले. दुसऱ्या सामन्यापासून लोक ओरडायला लागले, "ते मधलं राहू दे, डायरेक्ट पेनल्टी घ्या!" समितीनं जागच्या जागी ठराव केला. फुटबॉलमधून फुटबॉल काढून टाकला, आणि फुटबॉलला लगेच गर्दी झाली.

मला आनंद व्हावा की रडू यावं ते कळेना. तेवढ्यात दुसरंच घडायला लागलं. अध्यक्ष जिंकायला लागले.

त्यांना एकच बटण माहीत होतं. पण पेनल्टीच्या वेळी चित्र नेहमी एकाच कोनातून दिसतं, आणि त्या कोनात गोलचा उजवा वरचा कोपरा नेमका मोराच्या चोचीवर यायचा. अध्यक्षांनी ते हेरलं. "लाइन अँड लेंग्थ," ते पुटपुटायचे, आणि बॉल चोचीत. पुन्हा चोचीत. सेमीफायनलला अक्का समोर. अक्कांचा गोलकीपर दर वेळी डावीकडे उडी मारायचा, कारण त्यांनी घरून आणलेल्या कंट्रोलरचं उजवीकडचं बटण पुण्याला जायच्या आधीच मुलानं मोडलं होतं आणि त्या तसंच खेळायला शिकल्या होत्या.

"मोराला दाणे भरवताय जणू!" हरल्यावर अक्का ओरडल्या. "माणसं गेली उपाशी, मोर जगला!"

फायनलला मी आणि अध्यक्ष. पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नाही. शेजारच्या दोन सोसायट्या कंपाउंडवर बसलेल्या. अक्कलकोट रोडला जाणाऱ्या रिक्षा थांबून आत काय चाललंय विचारत होत्या, असं मी ऐकलं. कदाचित फक्त एकच थांबली असेल, पण थांबली.

मला चोचीचं गुपित कळलं होतं, तरी त्यांचे पहिले दोन शॉट मी अडवले नाहीत. सामना रंगला पाहिजे, गर्दी बसली पाहिजे. मग दोन अडवले. बरोबरी. आता एकेक शॉट. अध्यक्षांनी मारला, चोचीत, गोल. लोकांनी थाळ्या वाजवल्या. आता माझा. घातला तर परत बरोबरी, आणि पुढच्या फेरीत मी चोचीवर माझा गोलकीपर टांगून ठेवणार होतो. म्हणजे सामना माझा. त्यात शंका नव्हती.

मी अंगठा टेकवला. तेवढ्यात बक्षिसांच्या टेबलाकडून अक्कांचा आवाज आला.

"ए खजिनदार, अध्यक्ष जिंकले तर त्यांना नॅपकिन देणार व्हय रे?"

सगळे हसले. खजिनदार हसले नाहीत. मी बघितलं. टेबलावर तीन पिशव्या होत्या. एक फुगलेली, एक बरी, आणि एक अशी चपटी की वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर नारळ ठेवलेला. खजिनदार त्या चपट्या पिशवीकडे बघत होते आणि थंडीच्या दिवसांत त्यांच्या कपाळावर घाम होता. अध्यक्षांच्या खांद्यावर नॅपकिन! तो घालणारा माणूस सोसायटीच्या इतिहासात पुन्हा खजिनदार होणार नव्हता.

आणि माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. मी जिंकलो तर नॅपकिन. माझ्या मिक्सरवर घालायला आणखी एक, आणि फुटबॉल जिथं होता तिथंच. पण अध्यक्ष जिंकले, तर नॅपकिन देता येणारच नाही. टॉवेलही नाही. खुर्चीची किंमत चादरीच्या खाली उतरू शकत नाही, हा आमच्या शहराचा कायदा आहे. आणि एकदा फुटबॉलला चादर दिली, की ती परत नॅपकिनवर आणायची म्हणजे अध्यक्षांनाच लहान म्हणण्यासारखं.

लोक माझं नाव घेऊन ओरडत होते. आयुष्यात पहिल्यांदा. बायकोसुद्धा उभी राहिली होती, हातात आमचाच एक जुना नॅपकिन फडकवत.

मी मारला. बॉल मोराच्या चोचीवरून, डोळ्यावरून, तुऱ्याच्याही वरून जो गेला तो चादरीच्या बाहेर, पत्र्याच्या छपरावर दिसला क्षणभर, आणि नाहीसा झाला. एवढा उंच शॉट गेममध्ये बसवलेलाच नाही असं मला नंतर कळलं. तो मारायला कसब लागतं.

पुढचं मी सांगतो ते तसंच झालं. चादर एकच आणली होती, ती क्रिकेटवाल्याच्या नावाची. दुकानं जत्रेमुळे बंद, आणि गोदामाची किल्ली जत्रेत गेलेल्या नोकराच्या खिशात. खजिनदार दोन मिनिटं नुसते फिरले, आणि मग त्यांनी सरळ पडद्याच्या दोऱ्या सोडल्या. मोराची चादर खाली आली, घडी झाली, आणि टाळ्यांच्या कडकडाटात अध्यक्षांच्या अंगावर गेली. प्रोजेक्टर बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा अध्यक्ष नमस्कार करत उभे आणि त्यांच्या पोटावर, मोराच्या साक्षीनं, माझाच शॉट परत परत आभाळात जात होता.

त्यांनी भाषण केलं. "आज मला खेद वाटतो," ते म्हणाले, "की या खेळाची आपल्याकडे एवढी उपेक्षा झाली. क्रिकेटमध्ये माणूस शेंगा खाऊ शकतो. फुटबॉलमध्ये? नाकावरची माशी उडवायला सवड नाही!" म्हणजे बैठकीत डोळे मिटून ते सगळं ऐकत होते तर. "आणि म्हणून मी जाहीर करतो की यापुढं फुटबॉलला चादर. लिहून घ्या."

खजिनदारांनी लिहून घेतलं. उपविजेता म्हणून माझ्या हातात चपटी पिशवी आली.

घरी जाताना मी बायकोला सगळं समजावून सांगितलं. कसं ठरवून हरलो, का हरलो, त्यात केवढा त्याग होता. तिनं नॅपकिनचा पोत बघितला. "बरं," ती म्हणाली, "पण मारला मात्र लईच वर." तिच्याशिवाय हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर अध्यक्षांना चादर काढावी लागेल, आणि त्यांच्याबरोबर फुटबॉललाही. इथं लिहितोय ते एवढ्याच भरवशावर की अध्यक्ष वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानापलीकडे काही वाचत नाहीत.

ते मात्र मला विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका. पण बॉल असा आभाळात मारतात का? नजर खाली ठेवायची. रविवारी घरी या, दाखवतो."

तेव्हापासून रविवारी सकाळी मी त्यांच्या हॉलमध्ये असतो. भिंतीवर ती चादर ताणून लावलेली आहे, प्रोजेक्टर त्यांनी स्वतःचा घेतलाय, चहा येतो, कडक भाकरी आणि चटणी येते. खाऊन झालं की मी खांद्यावरच्या नॅपकिननं अंगठा पुसतो. ते बाजूला बसून मला चोच दाखवतात. मी मान डोलावतो, नेम धरतो, आणि तुऱ्यावरून मारतो.

"अजून वरच जातोय," ते म्हणतात.

"जातोय की," मी म्हणतो.